तुटलेला नारू

डॉक्टरांनी माझ्या डाव्या पायाची पट्टी सोडली, घोट्याभोवती दाबून पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "नारू आत तुटला हाय, शेटजी. तुकडा सडला. आज चिरून पू काढतो. पण सूज गुडघ्याच्या वर गेली, तर पाय कापावा लागंल."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. धारूरच्या बाजारात माझं किराण्याचं दुकान आहे आणि माझ्या तोंडी लागायला गिऱ्हाईक भितं. त्या दिवशी मी लेकरासारखा डॉक्टरांचा हात धरून ठेवला.

ज्याच्या पायाला असा फोड आला असेल, त्याने हे ऐकावं म्हणून सांगतो. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब, पांढरा किडा. डॉक्टर त्याला गिनी वर्म म्हणतात. फोड फुटला की त्याचं टोक बाहेर येतं. ते बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज जेवढं सुटेल तेवढंच ओढायचं. सबंध निघायला महिना महिना जातो. मला तर भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत दम निघत नाही. तरी जिवाच्या भीतीने मी तेवढं पथ्य पाळलं होतं.

घोळ झाला तो महादेवाच्या गळतीपायी. वैशाखात पिंडीवर तळाला भोक असलेलं तांब्याचं भांडं टांगतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं. ते उन्हाळाभर रिकामं होऊ द्यायचं नाही. आमच्या आळीतल्या देवाची गळती भरायचा मान आमच्या घराचा. पाणी दोराने शेंदलेलं चालत नाही, बारवेच्या पायऱ्या उतरून, पाण्यात उभं राहूनच घागर भरायची. दुसऱ्याला पाठवलं तर मान गेला, असं माझं म्हणणं. मी काडी बांधलेल्या पायाने रोज उतरत होतो.

आणि खरं सांगू का, पाण्यात पाय घातला की सुख वाटायचं. नारूची आग ज्याने सोसली त्यालाच ठाऊक. गार पाण्यात ती निवायची, किडाही थोडा जास्त बाहेर यायचा. मला वाटलं, देवच हात लावतोय. मग एका सोमवारी वर येताना काडी दगडाच्या फटीत अडकली. मी खांद्यावरची घागर सावरायला गेलो, पाय उचलला आणि नारू तुटला. राहिलेलं टोक आत निघून गेलं. फारसं दुखलंही नाही, म्हणून मी गळती भरूनच घरी आलो.

दोन दिवसांत पाय सुजून लाल झाला. ताप असा चढला की मी काहीबाही बडबडायला लागलो. पोटीस झालं, बिब्बा झाला, मग माझ्या बायकोने, पार्वतीने, कुणाला न विचारता गाडी जुंपायला लावली. अंबाजोगाईला, सरकारच्या भाषेत मोमिनाबादला, मोठा दवाखाना होता. वाटेत चाक खड्ड्यात गेलं की मी लहान मुलासारखा ओरडत होतो.

आत पू साठून गळू होतं त्याला ॲबसेस म्हणतात. ते चिरण्याआधी नाकावर फडकं धरून क्लोरोफॉर्म हुंगवतात, म्हणजे गुंगीचं औषध. मी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं. जागा झालो तेव्हा पहिल्यांदा पाय चाचपला. पाय होता.

पण सुटका झाली नव्हती. डॉक्टरांनी नडगीवर सूज होती तिथवर शाईची रेघ ओढली आणि म्हणाले, रेघेच्या खाली राहिली तर नशीब. दुसऱ्या सकाळी सूज रेघेच्या वर होती. त्यांनी काही न बोलता वर दुसरी रेघ ओढली. त्या न बोलण्याची मला जेवढी भीती वाटली, तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही. समोरच्या खाटेवर पाय कापलेला एक माणूस होता. चांगला जेवायचा, हसायचा. मी त्याच्याकडे पाठ करून झोपायचो.

पार्वतीला म्हणालो, एका पायाने मी दुकान काय चालवणार, विकून टाक. ती पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढत होती. म्हणाली, "तागडी हातानंच धरत्यात न्हवं? पाय न्हाई ऱ्हायला तरी चालंल. तुमी ऱ्हावा."

मला आधी राग आला आणि मग रडू आलं. तिच्यासमोर मी कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी लाज वाटली नाही.

सूज दुसऱ्या रेघेशी थांबली, मग उतरू लागली. डॉक्टरांनी खुशीत खबर दिली. मीही मोकळा होऊन बारवेच्या गार पाण्याचं कौतुक सांगायला लागलो. त्यांचा चेहरा बदलला.

"नारू पाण्यात पिलं सोडतो," ते म्हणाले. "पाण्यातले बारीक किडे ती पिलं गिळतात आनि ते पाणी लोक पितात. साल भरलं की त्यांच्या पायाला फोड येतो. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या. असला पाय पुन्हा बारवंत घालू नका."

पाय वाचल्याचा आनंद तिथेच आटला. त्या बारवेचं पाणी आमची सगळी आळी पीत होती. घरी आल्यावर वर्षभर मी पोराबाळांचे पाय तपासत होतो. डास चावला तरी फोड समजून दिव्याजवळ नेऊन बघायचो. घरात कुणाला नारू निघाला नाही. आळीत दोघांना निघाला. तो माझा की आणखी कुणाचा, महादेवालाच माहीत.

माझा घोटा आखडला तो आखडलाच. पायऱ्या उतरवत नाहीत, गळती चुलतभाऊ भरतो. गुरव पाणी गाळू द्यायला तयार नव्हता. देवाचं पाणी कुणी गाळतं का, म्हणाला. मी म्हटलं, देव पीत नाही बाबा, तीर्थ म्हणून आपणच पितो. दुसऱ्या दिवशी घागरीच्या तोंडाला फडकं होतं.

आता उन्हाळ्यात सकाळी मी काठी घेऊन बारवेच्या वरच्या पायरीवर बसतो. गेल्या वैशाखात एक गडी लंगडत आला, पायाला काडी बांधलेली, तोंड आगीने वाकडं झालेलं. मी काठी आडवी धरली.

"पानी काय तुज्या बापाचं हाय का बे?" तो म्हणाला.

पूर्वीचा मी असतो तर काठी त्याच्या पाठीत बसली असती. मी त्याला बारवेपासून लांब, लिंबाखाली नेऊन बसवलं. शेंदून ठेवलेली घागर उचलली आणि त्याच्या पायावर धार धरली. त्याने डोळे मिटले.

"आनखी वत," तो म्हणाला.

मी ओतत राहिलो.