उजवी बाजू वर

मला जपानी नाच येतो, असं मी नेरच्या मुलींच्या शाळेत रुजू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. कोणी विचारलंही नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत एक बाई आपल्या भरतकामाबद्दल बोलत होत्या, दुसऱ्या बाई आपल्या पेटीवादनाबद्दल, आणि अमरावतीहून नुकती बी.ए. होऊन आलेली मी काय गप्प बसणार? उचलली जीभ लावली टाळ्याला. "आमच्या कॉलेजात जपानी नाच बसवला होता," मी म्हटलं. बसवला होता हे खरंच होतं. मी फक्त पडदा ओढायला होते, तेवढं सांगायचं राहिलं.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. शाळा नवी होती. सातवीनंतर पोरीला शिकवून करायचं काय, असं म्हणणाऱ्या घरांमधून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दारोदार फिरून एकेक मुलगी आणली होती. "काही निमित्त मिळालं ना, की लोक पोरींना घरी बसवतात," असं त्या आम्हाला सारखं बजावायच्या. मी मान डोलवायची आणि विसरून जायची.

दिवाळीनंतर बातमी आली. भंडाऱ्याकडे जपानी पद्धतीची भातशेती शिकवणारे एक खरेखुरे जपानी पाहुणे वऱ्हाडातला कापूस पाहायला येणार होते आणि जाता जाता आमच्या शाळेत थांबणार होते. मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, आपण जपानी मेळावा करू, आणि सगळं पाहतील आपल्या नव्या बाई. खरं सांगून मोकळं व्हायची ती वेळ होती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, "हो, त्यात काय!"

मग गाव मला विचारायला लागलं. ते लोक नमस्कार कसा करतात? कमरेत वाकून. खातात काय? भात. इथपर्यंत नशिबानं साथ दिली. नाचाचं मात्र काही केल्या आठवेना, कारण पडद्यामागून दिसल्या होत्या त्या फक्त टाचा. शेवटी मी भुलाबाईच्या गाण्यांचा फेर घेतला, मुलींच्या हातात कामट्यांच्या आणि पतंगाच्या कागदाच्या छत्र्या दिल्या आणि पावलं जरा बारीक करायला सांगितली. बारा मुली निवडल्या. त्यांना तो नाच चटकन आला. येणारच, दरवर्षी घरोघरी तोच करत होत्या!

राहिला पोशाख. बाजारातले टेलरचाचा म्हातारे होते, आणि एकदा पाहिलेला कपडा शिवून देतो ही त्यांची ऐट होती. त्यांच्या दुकानात दोऱ्याच्या कंपनीचं एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर छान नटलेली एक जपानी बाई. आमच्याकडचं जपान तेवढंच. मुलींच्या आयांनी जुनी फुलाफुलांची पातळं दिली. चाचा चष्मा कपाळावर चढवून चित्राकडे बघत बसले.

"बाई, याले ना बगल, ना गळा. सगळे सरळ पट्टेच. यात टेलरचं काय काम?" ते कुरकुरले. मग म्हणाले, "एक सांगा मले. समोर दोन्ही बाजू एकमेकीवर येतात. वर उजवी घेऊ का डावी? या चित्रातल्या बाईनं नेमका तिथंच पंखा धरला."

त्यांनी विचारलं, आणि मी एका क्षणात उत्तर दिलं. आपल्याकडे जेवायला उजवा हात, घरात शिरताना उजवा पाय, देवाला प्रदक्षिणा उजवीकडून. शुभ ते सगळं उजवं. जपानी काय वेगळे असणार? "उजवी वर," मी ठणकावून सांगितलं. चाचांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग बंद शिवले ते अगदी पक्के.

मेळाव्याच्या दुपारी पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाहुणे बारीक अंगाचे, चष्मेवाले, पांढऱ्या सदऱ्यातले. सोबत दुभाष्याचं काम करायला शेतीखात्याचे एक साहेब होते. लोकांनी वाकून नमस्कार केले. पाहुणे उलट वाकले की लोक पुन्हा वाकायचे. हे बराच वेळ चाललं. मग मुली आल्या. पाहुणे हसत हसत खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. त्यांचं हसू गेलं. मला वाटलं, गहिवरले!

नाच संपल्यावर ते साहेबांच्या कानाशी हळूच काही बोलले. ते हळूच ठेवायचं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण साहेबांनी कर्णा ओढून गावाला सांगितलं, "पाहुणे म्हणतात, नाच फार सुंदर! फक्त त्यांच्या देशात उजवी बाजू वर घेऊन कपडे मेलेल्या माणसाला घालतात."

मग बायकांमधून एक आवाज आला. "माय वो! आमच्या जित्या पोरीले मढ्याचे कपडे घातले?" सगळ्यात लहान मुलीची आई उभी राहिली होती. मागोमाग पुरुषही उठायला लागले. मोठ्या बाईंचा चेहरा मला दिसत होता. रागावलेल्या नव्हत्या त्या, घाबरल्या होत्या. बारा घरं त्यांच्या डोळ्यांसमोर उभी असणार.

तेवढ्यात चाचा पुढे आले. "चुकी माही हाय," ते म्हणाले. "बाईनं डावी वर सांगतली होती. म्याच बंद उलटे लावले."

सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या, आणि मी सुटले. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. मग चाचांच्या मागे कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याले आता दिसत नाही," आणि माझ्या कानशिलांना आग लागली. चाळीस वर्षं शिवणाऱ्या माणसाची अब्रू मी माझ्या बढाईपायी जाऊ देत होते. मी कर्णा हातात घेतला.

"चाचांची चूक नाही. उजवी मीच सांगितली. मला जपानचं काहीही येत नाही. कॉलेजात मी पडदा ओढत होते. हा नाचसुद्धा तुमच्याच भुलाबाईचा आहे."

साहेबांनी ते पाहुण्यांना सांगितलं. पाहुणे उठले आणि माझ्यापुढे इतके खाली वाकले, की मुली भानावर आल्या आणि शिकवल्याप्रमाणे बाराही जणी वाकल्या. लोकांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांनी आपल्या सदऱ्यावर हात ठेवून दाखवलं, डावी अशी वर. चाचांनी टाचण्या तोंडात धरून फ्रॉकांवरचे बारा झगे डावी बाजू वर घेऊन टाचून दिले. भुलाबाई पुन्हा एकदा झाली, आणि या वेळी पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

गर्दी पांगताना चाचा माझ्यावर उखडले. "मधात कायले बोलल्या? टेलर चुकला तर लोक दोन दिवस हसतात. बाई चुकली तर पोरी घरी बसतात." त्या रात्री मी जेवले नाही.

सकाळी मी शाळेच्या फाटकात जाऊन उभी राहिले. एकेक करून अकरा मुली आल्या. घंटा झाली. सगळ्यात लहान होती, ती आली नाही. मी आत जायला वळले, तर रस्त्यानं तिची आई तिला हाताला धरून ओढत आणत होती. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. शिव्या ऐकायची मी तयारी केली.

"हिच्या आजीनं हिची दृष्ट काढली, म्हणून उशीर झाला," आई म्हणाली. मुलीला तिनं आत ढकललं आणि मूठ माझ्या तोंडासमोर धरली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या.

"आता तुमची राहिली. आजीनं सांगतलं, ते बी पोरगीच हाय. अशा उभ्या राहा, पूर्वेले तोंड करा."

मी पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले. तिची मूठ माझ्यावरून सात वेळा उतरली, आणि वर्गांच्या खिडक्यांमधून सगळी शाळा मला रडताना बघत होती.