स्टेशनं बघायला जाणारा नवरा

मशीनकाकूंची जीभ तिखट आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आणि त्याचं कोणाला फारसं वाईटही वाटत नसे. शिवण सुरेख, बोलणं फटकळ. कपडा घट्ट झाला अशी कोणी तक्रार केली तर काकू म्हणायच्या, "कपडा होता तेवढाच आहे, तुम्ही रुंदावलात." समोरचा हसायचा आणि पुढचा कपडा ठेवून जायचा. आपलं बोलणं लोक हसण्यावारी नेतात याची काकूंना इतकी सवय झाली होती, की नवराही त्या लोकांतलाच एक असं त्या धरून चालल्या होत्या.

नवरा हाडाचा बस ड्रायव्हर. उभा जन्म एकाच मार्गावर गेला, बाजारापासून नदीपलीकडच्या कारखान्यांपर्यंत. काका निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्याच रस्त्यावर पत्रे उभे राहिले. शहरात लाइट रेल येणार होती, रस्त्याच्या मधूनच धावणारी, बसपेक्षा लांब आणि आगगाडीपेक्षा हलकी. ती आली की काकांची बस बंद. दुसरा एखादा खट्टू होऊन बसला असता. काका मात्र दुसऱ्याच सकाळी पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभे होते.

मग तो त्यांचा नेमच झाला. चहा झाला की निघायचं, काम चालू असेल तिथे जाऊन उभं राहायचं, जेवायला परतायचं. आधी बाजाराचं स्टेशन, मग इस्पितळाचं, मग शाळेच्या वळणावरचं. काम जसं पुढे सरकलं तसे काकाही सरकले. घरी आले की मशीनशेजारच्या स्टुलावर बसून सांगायला लागायचे.

"अगं, आज फलाटाची कड ओतली. गाडीची फरशी आणि फलाट एका पातळीत येणार. मधे पायरीच नाही."

"जरा सरका, उजेड अडतोय."

"इस्पितळापाशी छपराचे खांब तिरके लावलेत. मला वाटलं चुकले, पण तसेच करायचे होते म्हणे."

"तुम्हाला काय मुकादम नेमलंय तिथे?"

काका हसायचे. एखाद्या दिवशी म्हणायचे, "तू चल ना एकदा बघायला." "माझे गुडघे मला घरबसल्या पुष्कळ काही दाखवतात," असं म्हणून काकू मशीन चालवायच्या आणि पुढचं बोलणं त्या खडखडाटात बुडून जायचं. गुडघे दुखायचे हे काही खोटं नव्हतं. पण त्याच गुडघ्यांनी त्या बाजार करून यायच्या, हेही खरं होतं.

एकदा लेकीच्या सासरची मंडळी चहाला आली. व्याह्यांनी सहज विचारलं, "काय म्हणते तुमची नवी गाडी?" झालं, काका खुलले. टेबलावर कप ओळीने मांडून हे बाजाराचं, हे इस्पितळाचं, अशी स्टेशनं दाखवायला लागले. व्याही मन लावून ऐकत होते. विहीणबाई मात्र हसू दाबताहेत असं काकूंना वाटलं. त्या खरंच हसत होत्या का, हे काकूंना पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. त्या क्षणी त्यांना नवऱ्याची लाज वाटली, आणि त्यांनी जीभ उचलून टाळ्याला लावली.

"मनावर घेऊ नका हो. घरात ज्याचा काही उपयोग उरत नाही तो माणूस कुठेतरी जाऊन उभा राहणारच. तिथले मजूर बिचारे कसं सहन करतात देव जाणे."

कोणी हसलं नाही. लेक खाली बघत राहिली. काकांनी सगळे कप ट्रेमध्ये गोळा केले, आत जाऊन विसळले आणि बाहेर येऊन व्याह्यांशी हवेबद्दल बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते गॅलरीत पेपर घेऊन बसले.

"आज नाही का जायचं?" काकूंनी विचारलं.

"नको. ऊन आहे."

ऊन नव्हतं.

सुरुवातीला काकूंना बरंच वाटलं. उजेड अडत नव्हता, काम भराभर उरकत होतं. मग हळूहळू ती शांतता अंगावर यायला लागली. काकांनी अबोला धरला होता असंही नाही. भाजी आणायचे, काकूंना सुईत दोरा ओवून द्यायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. फक्त आपणहून काही सांगत नव्हते. "रागावलात का?" असं काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "छे गं. तू म्हणालीस ते बरोबरच होतं." भांडले असते तर काकूंना परवडलं असतं. भांडणात त्यांना कोणी हरवलं नव्हतं.

लेक फोनवर म्हणाली, "आई, तू बाबांची माफी माग."

"नवऱ्याची कसली माफी? रोजचंच बोलणं ते."

"रोजचंच होतं, म्हणूनच म्हणते."

संध्याकाळी काकूंनी खरंच प्रयत्न केला. पण तोंडातून निघालं ते असं: "मी काय मुद्दाम बोलले का?" काका म्हणाले, "नाही." तिथेच तो विषय मिटला, आणि मिटला म्हणूनच काकूंना खुपत राहिला.

शेवटी एका सकाळी शिवण बाजूला ठेवून त्या एकट्याच शाळेच्या वळणावर गेल्या. स्टेशन बरंचसं उभं राहिलं होतं. फाटकावर पहारेकरीण बसली होती. काकूंनी आत डोकावून बघितलं तशी तिने हटकलं. "कोण पाहिजे?"

"कोणी नाही. आमचे हे यायचे इथे, बस चालवायचे पूर्वी."

ती पटकन उठली. "ड्रायव्हरकाका? आजारी आहेत का? आम्ही रोज त्यांचा विषय काढतो." मग तिने काकूंच्या पायांकडे बघितलं. "म्हणजे गुडघेवाल्या काकू तुम्हीच."

काकूंना काही उमगेना. पहारेकरणीने त्यांना फलाटाच्या टोकाला नेलं. तिथे चढायला पायऱ्यांऐवजी उतार होता, दोन्ही बाजूंना धरायला नळी. "हा झाल्यापासून काका रोज गुडघा न वाकवता यावरून वरखाली चालून बघायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे. म्हणायचे, आमच्या हिला चढवत नाही. गाडी सुरू झाली की तिला घेऊन शेवटपर्यंत जाणार. एवढी वर्षं गाडी चालवली, पण तिच्या शेजारी बसून कधी गेलोच नाही."

काकू नळी धरून त्या उतारावरून एकदा वर चढल्या, खाली उतरल्या आणि घरी गेल्या.

काका गॅलरीतच होते. काकू त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "मी स्टेशन बघून आले. उतार चांगला झालाय."

"हो का? बरं झालं."

"माझं चुकलं. व्याह्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं. तसं कधीच बोलायला नको होतं."

काकांनी पेपरची घडी केली. "जाऊ दे गं. किती दिवस झाले त्याला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी मनापासून माफ केलं होतं, हे काकूंना कळलं. पण दुसऱ्या दिवशीही चहा झाल्यावर ते उठले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत.

गाडी सुरू झाली. पहिली गर्दी ओसरल्यावर काकूंनीच विषय काढला आणि काका आढेवेढे न घेता निघाले. दोघं शेजारी शेजारी बसली. गाडी नदीच्या पुलावर वळली तेव्हा काकूंनी विचारलं, "या वळणावर तुम्ही बस कशी घ्यायचात?"

पूर्वी या एका प्रश्नावर संध्याकाळ सरली असती.

"जपून," काका म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले. काकू कारखान्यांचं स्टेशन येईपर्यंत वाट बघत होत्या. त्यापुढे ते काही बोलले नाहीत.

आता ती गाडी कारखान्यांच्याही पुढे न्यायचं ठरलंय. खोदाई सुरू झाली तेव्हा काकूंनी विचारलं, "येता बघायला?"

"तू जाऊन ये," काका म्हणाले.

म्हणून काकू जातात. पत्र्यापाशी उभ्या राहतात, काय खणलं, काय ओतलं ते नीट बघतात आणि घरी येऊन काकांना सांगतात. काका पेपर बाजूला ठेवून ऐकतात, मधेमधे मानही हलवतात. पण एकही प्रश्न विचारत नाहीत.