बारीआधी फुटलेला सवाल

मी आज बी.ए. आहे, चिपळूणला नोकरी करतो, ते माझ्या थोरल्या चुलत्यांमुळे, आप्पांमुळे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. आप्पांना लिहिता येत नाही, पण पंचक्रोशीत ते शक्ती-तुऱ्याचे शाहीर. त्यांनी म्हणायचं आणि मी वहीत उतरवायचं, असं माझं अक्षर वळलं.

बारीत, म्हणजे सामन्यात, एक शक्तीवाला आणि एक तुरेवाला असे दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. एकाने गाण्यातून पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाण्यातूनच उत्तर द्यायचं. म्हणून बारी होईपर्यंत सवाल तालमीबाहेर जात नाही. आप्पा वहीसुद्धा भाताच्या कणगीत लपवायचे. हे मला कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं.

यंदा गणपतीला आप्पांच्या मुलाला मुंबईत रजा मिळाली नाही. "तालीम तरी ऐकव रे," तो फोनवर म्हणाला. मी अख्खा सवाल मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला. वही मी कुणाला दाखवली नसती. आवाज पाठवताना मात्र आपण तीच वही उघडी करतोय, हे डोक्यात आलंच नाही. त्याने कौतुकाने तो मित्रांना पाठवला.

बारीला गुहागरकडचे तुरेवाले समोर होते. आप्पांचा सवाल संपतो न संपतो तोच त्यांच्या शाहिराने उत्तर सुरू केलं. चाल तीच, यमकं घोटून आणलेली. मग माइकवर म्हणाला, "शाहीर, नवीन काय आणलंत? हा तर आमची पोरं आठ दिवस मोबाइलवर ऐकतायत."

लोक हसले. आप्पांनी पुढचा चरण धरला, पण आवाज निघाला नाही.

परतताना टेम्पोत आप्पा ढोलकीवाल्याला म्हणाले, "तुजी सासुरवाडी तिकडचीच नाय काय?"

"शाहीर, तीस वर्षं तुमच्या मागे बसलोय."

"तिथूनच वार केलास."

मी समोर बसलो होतो. मोबाइल खिशात होता.

तेव्हापासून ढोलकीवाले आमच्या घरी आलेले नाहीत. आप्पा गुणगुणतसुद्धा नाहीत. काकी सांगते, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी माझ्याकडचं रेकॉर्डिंग पुसलं. बाकी किती मोबाइलमध्ये आहे, ते कळायला मार्ग नाही. दोनदा आप्पांना फोन लावला. त्यांचा "हॅलो" ऐकला आणि ठेवून दिला. शेवटी कागद घेतला. काकी चौथी शिकलेली आहे, ती वाचून दाखवेल.

"आप्पा, काकी वाचत असताना तिला मध्येच थांबवू नका. सवाल मी फोडला. तालमीत रेकॉर्ड करून तुमच्या मुलाला पाठवला, तिथून तो पुढे गेला. त्याला वाटलं, मी तुम्हाला विचारलंय. ढोलकीवाल्या काकांनी काही केलेलं नाही. टेम्पोत तुम्ही त्यांना बोललात आणि मी गप्प बसलो. मला घरात घेऊ नका, पण त्यांना बोलावून घ्या. शनिवारी मी आधी त्यांच्या दारात जाणार आहे, मग तुमच्या. कोरी वही आणतो. सांगितलंत तर लिहीन. नाही सांगितलंत तर कणगीवर ठेवून परत जाईन."