तुरीचे शेंडे

मी कलबुर्गीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून अक्काच्या दिराने मला ‘उंटावरचा शहाणा’ ठरवून टाकलं होतं. दाजी वारल्यावर अक्काने कोहिनूर गावातलं रान पहिल्यांदाच स्वतः पेरलं. तूर बिघडली तर पुढच्या साली रान आपण करणार, असं दिराने चारचौघांत सांगितलं होतं. एकदा सोडलेलं रान बाईच्या हाती परत येत नाही, हे अक्काला चांगलं ठाऊक होतं.

तूर कमरेला लागायच्या आत शेंडे खुडायचे, हा सल्ला माझा. शेंड्यात ऑक्झिन नावाचं हार्मोन तयार होतं. ते खाली उतरून बगलेतल्या कोंबांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की मुळांकडून येणाऱ्या सायटोकायनिन या दुसऱ्या हार्मोनचं फावतं, फांद्या फुटतात आणि शेंगाही वाढतात. अक्काने बाया लावून सगळं रान खुडलं, आणि नेमकी पावसाने दडी मारली.

फोनवर ती माझ्यावर उखडलीच. “तुझं ऐकून तुरीची मुंडी छाटली. आता एक फांदी फुटंना झालीय.”

मी बस धरून गेलो. पानं दुमडलेली, माती भेगाळलेली, आणि दीर पाठीला फवारणीचा पंप लावून तयार. वाढीचं टॉनिक मारतो म्हणाला. बाटली वाचली तर त्यात ऑक्झिनच! जे काढायला शेंडे खुडले, तेच हा वरून ओतणार. माझं डोकं फिरलं. म्हटलं, “तहानलेल्याला जेवायला कामून वाढायलाव?”

मग अक्काला समजावलं. पाणी तुटलं की झाड ॲब्सिसिक आम्ल बनवतं, पानांवरची बारीक तोंडं मिटून घेतं, वाढ थांबवतं. ते मेलेलं नाही, तग धरून आहे.

“आणि पाऊसच न्हाई आला तर?”

“तर कुठलंच हार्मोन कामाचं न्हाई.” खोटा धीर मला देववला नाही. मनातून मी पार घाबरलो होतो.

अक्का दिराकडे वळली. म्हणाली, “पंप उतरवा, भावजी.”

पाऊस उशिरा का होईना, आला. फांद्या फुटल्या. फुलं बरीच गळाली, पीक काही गावात पहिलं आलं नाही, पण शेंगा भरल्या. रास झाली त्या दिवशी दीर आला. तुरीत हात घालून म्हणाला, “चांगली झाली की. आता पुढच्या साली मी पेरतो, तू आराम कर.”

अक्का पोत्याचं तोंड शिवत होती. मान वर न करता म्हणाली, “बियाणं बाजूला काढलंय मी. पेरणारबी मीच.”