वर गेलेले हात

मत द्यायला हात वर करणारा माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो. हे माझ्या लक्षात आलं ते परग्रहावरच्या एका मालिकेमुळे. सासूबाई भाजी निवडताना ती रोज बघतात. परवा तिथल्या निळ्या लोकांनी ‘संकट टळेपर्यंत’ सगळे अधिकार सेनापतीला दिले आणि हात वर करताना तेही एकमेकांकडेच बघत होते.

“संकट टळलं हे सांगणार कोण? तोच ना!” सासूबाई म्हणाल्या.

रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव आला: पाणीटंचाई संपेपर्यंत सगळे निर्णय एकट्या अध्यक्षांनी घ्यावेत. अध्यक्ष भले गृहस्थ, टँकरसाठी उन्हातान्हात धावणारे. माणूस भला असला की शेवट कधी, हे विचारायचा आपल्याला संकोच वाटतो. माझाही हात अर्धा वर गेला होता. तेवढ्यात मी शेजारणीकडे बघितलं आणि मला ते निळे लोक आठवले.

“टंचाई संपली हे कोण ठरवणार?” मी हात खाली घेत विचारलं.

अध्यक्ष हसले. “वहिनी, माझ्यावर विश्वास नाही का?”

“आहे हो. पण ठरावात तारीख घाला.”

थोडी कुजबुज झाली आणि ठरावात ‘जूनअखेरपर्यंत’ आलं. मग मी हात वर केला, कुणाकडेही न बघता.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. पडद्यावर सेनापतीचा पुतळा उभा राहत होता.

“बरं केलंस,” मेथीची काडी मोडत त्या म्हणाल्या. “या निळ्यांत तारीख विचारणारी एक बाई असती, तर मालिका चार भागांत संपली असती.”