लाल फुलीचा पांगारा

झाडाला पाणी घालणारे, झाडाला राखी बांधणारे, झाडाखाली उभं राहून फोटो काढणारे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. झाडाची तपासणी करणारा माणूस मात्र अख्ख्या जिल्ह्यात एकच झाला, आणि ते माझे चुलत सासरे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. कागलच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, तपासणी विभागात, त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. साच्यातून निघालेला लोखंडी भाग छोट्या हातोडीनं ठोकायचा, डोळे मिटून नाद ऐकायचा. नाद खणखणीत आला तर पास, बद्द आला तर आत चीर आहे म्हणून वर लाल रंगाची फुली. निवृत्तीला कारखान्यानं शाल दिली, हातोडी तात्यांनी स्वतःच आणली. त्यानंतर कलिंगड, देवळातली घंटा, लग्नाच्या हॉलचे खांब, काही म्हणून सुटलं नाही. माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो होतो, तर चहा यायच्या आधी तात्यांनी त्यांच्या नव्या बंगल्याची भिंत ठोकली आणि यजमानांना म्हणाले, "पावणं, भिंत आतनं पोकळ हाय. गवंडी बदला." स्थळ गेलं. पुढं पावसाळ्यात ती भिंत पाझरल्याचं कळलं, तेव्हा तात्यांना जो आनंद झाला तो मुलीचं लग्न ठरूनही झाला नसता.

कळंब्याच्या तलावाकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीच्या तोंडाला माझं शेती-औषधांचं दुकान आहे, आणि त्याच्या समोर तात्यांचा पांगारा होता. खरं तर तो कुणाचाच नव्हता. इथं शेतं होती तेव्हाच्या बांधावरचा, प्लॉट पडताना चुकून राहिलेला. "लोकं जागा घेताना दिशा बघत्यात, म्या झाड बघितलं," असं तात्या अभिमानानं सांगत. होळीच्या सुमाराला त्याच्यावर एक पान नसायचं, नुसती लाल फुलं. मी सकाळी शटर उघडायला जायची तेव्हा तलावाकडून पातळ धुकं सरकत गल्लीत आलेलं असायचं, खोड त्यात बुडालेलं, आणि वर तो लाल रंग कशाचाच आधार नसल्यासारखा तरंगत असायचा. मैना आणि बुलबुल फुलांतला रस पिऊन भांडत असायचे. खाली तात्या, हातोडीचा हलका टोला मारून, खोडाला कान लावून, डोळे मिटून. खांद्यावर पडलेलं फूल ते झटकत नसत. मी रस्त्यात उगाच उभी राहणारी बाई नाही. पण किल्ली हातात तशीच धरून मी तिथं किती वेळ उभी असायची, ते मला सांगता यायचं नाही.

मग एका वर्षी नव्या पालवीला गाठी आल्या. परदेशातून आलेली, चिलटापेक्षा लहान अशी एक माशी पांगाऱ्याच्या कोवळ्या पानात अंडी घालते. पान फुगतं, वळतं, त्याचा गोळा होतो आणि झाड दरवर्षी थोडं थोडं दम सोडतं. आजूबाजूचे बरेच पांगारे असेच वाळले होते. मी धंद्याच्या सवयीनं औषध सुचवलं.

"फुलात उतरलं तर मैना काय पिणार?" तात्या म्हणाले.

"फुलं झडून दोन महिने झाले, तात्या."

"मग मैनेला इचार. ती व्हय म्हणली तर मार."

मैनेशी माझी ओळख नव्हती, म्हणून तात्यांनी फौंड्रीची पद्धत लावली. रोज सकाळी आकडीनं फांदी वाकवायची, पान न् पान बघायचं, गाठीचं पान माशी बाहेर पडायच्या आत तोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीला गाठ मारून उन्हात ठेवायची. चांगल्या पानाला ते "पास" म्हणत, तेही मोठ्यानं. जिथून पुढं फांदीच छाटायची तिथं लाल फुली. खडूची फुली वळिवात धुऊन गेली म्हणून त्यांनी ऑइल पेंट आणला. उंच फांद्यांना हात पोचेना, तर त्यांच्या फुल्या त्यांनी खाली खोडावर काढल्या आणि प्रत्येकीला वर जाणारा बाण. "वाचणाऱ्याला कळंल की," म्हणाले, आणि नातेवाइकांच्या लग्नाला एसटीनं गडहिंग्लजला गेले.

दुसऱ्या दिवशी विजेच्या तारांखालच्या फांद्या तोडायला माणसं आली. पावसाळ्याआधी दरवर्षी येतात. करवतीचा आवाज मी ऐकला. समोर गिऱ्हाईक होतं, उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीवर काय द्यायचं ते मी त्याला समजावत होते. तारा मोकळ्या करत असतील म्हणून मी उठले नाही. उठले तेव्हा छातीएवढं खोड उरलं होतं.

"अहो, कुणी सांगितलं हे पाडायला?" मी ओरडले.

"कुणी म्हंजे? लाल फुली हाय की ताई, एक न्हाय, सात! पाडायच्या झाडाला आमच्यात एकच मारत्यात."

संध्याकाळी तात्या आले. हातात लग्नातला बुंदीचा पुडा. मी सगळं सांगितलं, करवतीचा आवाज ऐकून बसून राहिले तेही सांगितलं. त्यांनी पुडा माझ्याकडे दिला, खोड ठोकलं, कान लावला. बराच वेळ. मग म्हणाले, "तुझी चूक न्हाय, सूनबाई. खुणा करणाऱ्यानं वाचणारा कोण हाय ते बघायला पायजे हुतं." आणि पडलेल्या फांद्यांच्या ढिगात शिरून निरोगी खुंट निवडायला लागले. पांगाऱ्याचा खुंट जमिनीत रोवला की जगतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. त्या ढिगातून तीनच पास झाले. दोन वाळले. मूळ खोड पुढं गटारीच्या कामात गेलं. एक खुंट माझ्या दुकानाच्या मागं फुटला.

आता तो दुकानाच्या पत्र्याच्या वर गेलाय. तात्यांची नजर मात्र गेली; डॉक्टर म्हणतात, परत यायची नाही. त्यांना उजेड दिसतो, आणि फाल्गुनात थोडी लाली. रोज सकाळी ते हातोडी घेऊन मागच्या दारी खुर्चीत बसतात आणि मी आकडी घेऊन पानं बघते. दुकान तोवर उघडायचं राहतं.

"हे?"

"पास."

"हे?"

"पास, तात्या."

गाठी अजून येतात. परवा एकाच डहाळीला चार निघाल्या. मी आवाज न करता तोडल्या, पिशवीत सोडल्या आणि म्हणाले, "ही सगळी डहाळी पास."

तात्या डोळे मिटून, मान थोडी कलती करून बसले, पूर्वी नाद ऐकताना बसत तसे. वर मैना भांडत होत्या.

"सूनबाई," ते म्हणाले, "उद्यापासनं कापडी पिशवी घे. प्लॅस्टिकची वाजती."