भुईवरचा चौक

शुक्रीबाय बोलायला लागली की तिच्या उजव्या हाताचं बोट आपोआप जमिनीवर जायचं. नाचणीच्या रोपांबद्दल बोलत असो की मला शिव्या घालत असो, उकिडवी बसलेली ही बाई अंगणातल्या मातीत रेघा ओढत असायची. आधी एक चौकट, मग तिच्या आत दुसरी, मग दोन्हींच्या मधल्या जागेत बारीक नक्षी. आपण काय बोलतोय याचा विसर पडून मी तिच्या बोटाकडेच बघत राहायचो. ते तिच्या लक्षात आलं की तळव्याच्या एका फटक्यात सगळं पुसून टाकायची आणि वर मलाच दरडावायची, "काय बघतस?"

माझा डहाणू स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, शाळेचे ग्रुप फोटो आणि लग्नाचे अल्बम. आयुष्यभर लोकांना "हनुवटी वर, खांदे सरळ, डोळे मिटू नका" एवढंच सांगत आलो. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. झाईच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या डोंगरापर्यंत डहाणू आणि तलासरी या आपल्या दोन तालुक्यांचं पाच वर्षं सलग चित्रण करायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. सोमवारी दुकान बंद, त्या दिवशी मोटारसायकल काढायची. पहिले काही महिने चिखले, आगर, झाई असा किनारा धुंडाळला. होड्या, जाळी, मावळता सूर्य. घरी येऊन बघावं तर सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसायचं. मग वैतागून पूर्वेला वळलो आणि तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावर पोचलो.

पहिल्याच कुडाच्या घरासमोर एक पन्नाशी उलटलेली बाई भाकरी थापत होती. उजेड सुरेख होता. मी काही न बोलता कॅमेरा डोळ्याला लावला, आणि क्षणात सगळं काळं झालं. बाई उठून आली होती आणि तिनं पिठाचा तळवा भिंगावर ठेवला होता.

"आदी खा. मंग बघ. बिन खाता बघतो, तो नजर लावतो."

मी खाल्लं. नाचणीची भाकरी आणि उडदाची चटणी. भिंगावरचं पीठ पुसायला पुढे दोन दिवस गेले. ती शुक्रीबाय.

त्यानंतर पाच वर्षं मी तिच्या घरी आधी जेवायचो आणि मग पाड्यावर फिरायचो. माझ्या कॅमेऱ्याला ती काणा म्हणायची. "एका डोळ्याचा ह्यो. ह्याला अर्धाच दिसतो. बाकीचा तू बघ." मी आगरहून सुके बोंबील न्यायचो. ते ती नाकाला लावायची आणि हमखास नाव ठेवायची, "नीट वाळवलं नाय कुनी." पण पुढच्या खेपेला पिशवी विसरलो तर दारातच विचारायची. तिचा नवरा काकड्या ताडी काढायचा. त्याचा बोलण्याशी फारसा संबंध नव्हता. तो ताडावर आणि ती खाली, अशा त्यांच्या गप्पा चालायच्या, म्हणजे ती ओरडायची आणि तो वरून हसायचा.

मातीतल्या त्या रेघांचं गुपित मला दुसऱ्या वर्षी कळलं. पाड्यावर एक लग्न होतं. आत पाच-सहा बाया गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत होत्या. शुक्रीबाय मात्र बाहेर उखळापाशी बसून त्यांच्यासाठी भिजवलेले तांदूळ कुटत होती. चौकासाठी लागणारं पीठ इतकं मऊ तिच्याशिवाय कुणाला जमत नाही, असं सगळा पाडा सांगायचा. मी सहज विचारलं, "तुम्ही आत का नाही?"

"माझा लगीन नाय झाला."

मी चमकलो. घरात नवरा होता, लग्नाला आलेला मुलगा देवजी होता. तिनंच मग समजावून सांगितलं. लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण, ताडी, नवी लुगडी, लग्न लावायला धवलेरी बाई. ज्यांना ते जमत नाही ती माणसं तशीच संसार थाटतात आणि त्यांना कुणी नावं ठेवत नाही. सोय होईल तेव्हा लग्न लावायचं, मग पोरं मोठी का झालेली असेनात. फक्त एक आहे. चौक सुवासिनींनी लिहायचा, आणि जिचं लग्न लागलं तीच सुवासीन. तीस वर्षं संसार केलेल्या शुक्रीबायला त्या भिंतीला बोट लावता येत नव्हतं.

"सगळा येतो माला," ती मुसळ न थांबवता म्हणाली. "पोर होते तवापासून बघतंय. ह्या बायांचा डावा कोपरा वाकडा जातो. सांगू कसा? माझा लगीन होईल तवा ह्याच लिहितील, वाकडा का असंना. मंग देवजीचा चौक मी लिहीन."

"मग जमिनीवर काढता तो तरी मला फोटोत घेऊ द्या," मी म्हणालो.

"भुईवरचा नको. देवजीचा भिंतीवर लिहीन, तो काढ. आनि त्याच्या आदी माझ्या चौकापुढं मी नि डोकरा उबं ऱ्हाऊ. तुज्या दुकानात उबं करतस तसा."

मला हसू आलं. ज्या फोटोंपासून पळून मी डोंगरात आलो होतो, नेमका तसलाच ती मागत होती. मी हो म्हणालो, पण मनातून ती ज्याला नको म्हणाली तेच मला हवं होतं. पुढे एका सोमवारी ती रेघा पुसत असताना मी बटण दाबलंच. फोटोत तळवा हललेला आला, आणि त्याच्याखाली अर्धा पुसलेला चौक. मी त्या फोटोवर बेहद्द खूश होतो. तिला तो दाखवला नाही.

२०१८च्या होळीनंतर त्यांचं लग्न ठरलं. देवजी भिलाडकडच्या एका कारखान्यात लागला होता. आधी आई-बापाचं आणि पुढच्या वर्षी माझं, असं त्यानं जाहीर केलं. भात बाजूला काढून ठेवलं, धवलेरीला सांगून झालं, मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले. शुक्रीबायने नवं लुगडं मला चार वेळा दाखवलं आणि चारही वेळा "हात नको लावू" म्हणून परत ठेवलं.

नेमकं त्याच आठवड्यात मुंबईच्या एका सभागृहात माझे दहा फोटो लावायचं ठरलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. मी पाड्यावर गेलो आणि सांगितलं. तुम्ही लग्न लावून घ्या, मी डहाणूहून दुसऱ्या कुणाला फोटो काढायला पाठवतो, एवढं म्हणून मी निघू शकलो असतो. ते वाक्य माझ्या तोंडावर आलंही होतं. पण ते म्हाताऱ्या नवरानवरीचं लग्न, तो चौक, ते माझ्या पाच वर्षांच्या कामातलं शेवटचं चित्र होणार होतं आणि ते मला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "आठ दिवस थांबाल का?"

शुक्रीबायचं बोट मातीत थांबलं. तिने काकड्याकडे बघितलं. तो कधी नव्हे ते मोठ्याने बोलला, "तीस वरसं थांबलो. आठ दिस काय!" आणि हसला. मग तीही हसली. म्हणाली, "येजो पन नक्की."

पाचव्या दिवशी मी सभागृहात उभा होतो. तो हललेल्या तळव्याचा फोटो मधोमध लावला होता आणि सगळ्यांत जास्त गर्दी त्याच्यापुढेच होती. त्या हातात केवढी गती आहे, असं एक बाई मला सांगत होत्या. तेवढ्यात देवजीचा फोन आला. काकड्या दुपारी जेवून ओटीवर बसला, छातीत कळ आली म्हणाला, पाणी मागितलं. शुक्रीबाय पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत तो गेला होता.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. मांडवासाठी आणलेल्या बांबूंतलेच दोन तिरडीला घेतले होते, बाकीचे तसेच पडले होते. आतली भिंत गेरूने सारवून तयार होती, लालभडक आणि कोरी. शुक्रीबाय तिच्याकडे पाठ करून बसली होती. मी तिच्यापुढे बसलो आणि मला रडू आवरेना. तिने मला रडू दिलं. मग स्वतःलाच विचारल्यासारखी म्हणाली, "बाया माला रांडावली म्हनतात. मी सुवासीनच झाले नाय, तं रांडावले कशी?"

मी तिचे आठ दिवस मागून घेतले होते, आणि त्या आठ दिवसांत तिचं सगळं होतं. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. मी जात राहिलो, ती जेवायला वाढत राहिली. पण बोलताना तिचा उजवा हात आता मांडीवर असायचा. त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हादरायला लागली, लोक घरं सोडून अंगणात राहायला आले. ही आपली घरातच. देवजीने फार विनवलं तेव्हा म्हणाली, "आता माझा काय हालायचा ऱ्हायला?"

२०१९च्या पावसात शुक्रीबाय गेली. तापाचं निमित्त झालं. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं, त्यामुळे तिच्या शेवटाबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण त्याच्या दोन महिने आधी देवजीचं लग्न झालं, तेव्हा मी होतो. या वेळी दोन दिवस आधीच जाऊन राहिलो होतो.

बाया आत चौक लिहीत होत्या आणि शुक्रीबाय बाहेर उखळापाशी तांदूळ कुटत होती. पीठ झालं, तिने ते पाण्यात कालवलं आणि वाडगा उंबऱ्यावरून आत दिला. "पातळ वाटला तं सांगा," म्हणाली. उजव्या हाताचं बोट पांढरं झालं होतं. तिच्या शेजारीच घराची बाहेरची भिंत होती. ते बोट भिंतीपासून वीतभर लांब, हवेत थोडा वेळ राहिलं. मग तिने ते पदराला पुसलं, नीट, नखाच्या कडेसकट.

मी कॅमेरा मांडीवर घेऊन तिच्यापाशी बसून होतो. तिथून दारातून आतली भिंत दिसत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी हळूच म्हणालो, "बाय, डावा कोपरा पुन्हा वाकडा जातोय."

तिने आत वळून बघितलं नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पहिल्या दिवशी जेवायला सांगितलं होतं त्याच आवाजात म्हणाली, "जा आत. फोटू काढ. उशीर नको करू."